अक्षर लागणं

"वाचलंस का गं?" चहात खारी बुडवत अब्बास सरांनी विचारलं.

"वाचलं, अब्बा. छान झालंय."

नाझियाने कागद तांबड्या कापडात बांधले. अशा बासनांना सर रुमाल म्हणत. त्या कागदांतलं एक अक्षरही तिला लागलं नव्हतं. इतिहास शिकवण्यात जन्म गेलेले सर टिपणं मोडीत लिहीत, तीही स्वतःच्या खुणा घालून. तिला त्यांनी लहानपणी मोडी शिकवली होती. कॉलेजात जाईपर्यंत ती विसरली. पण ते इतक्या आशेने विचारत की नाही म्हणवत नसे. वीस वर्षं ती 'वाचलं' म्हणत आली होती.

"छान म्हणजे काय? बापाला शेंडी लावतेस?" सर हसले. "विणकरांची बोली तशीच उतरलीय ना?"

"तशीच."

"मग झालं. येवल्याचे ते म्हातारे आता कुणी उरले नाहीत. जे काय आहेत ते या कागदांत."

दुसऱ्या दिवशी सर उठलेच नाहीत.

चाळिसावा झाल्यावर शेखर नाशिक रोडच्या घरी आला. सरांचा विद्यार्थी, आता विद्यापीठात जुन्या प्राध्यापकांची कागदपत्रं सांभाळणारा.

"ताई, मागच्या आठवड्यात आणलेल्या दोन्ही मोडीवाचकांनी हात टेकले. म्हणे, हे अक्षर लिहिणाऱ्यालाच लागायचं."

"मग?"

"यादीशिवाय समिती कागद घेत नाही. चौतीस रुमाल आहेत. कशात काय, ओळभर सांगा, मी लिहून घेतो." तो पलंगाच्या कडेला टेकला. "सर वर्गात सांगायचे, माझं अक्षर जगात दोघांनाच लागतं. एक मी, दुसरी माझी नाझी. आम्हाला हेवा वाटायचा तुमचा."

नाझियाने एक रुमाल सोडला, मग दुसरा. विणकरांचा कोणता, तेही कळेना. काहीही सांगितलं असतं तरी शेखरने लिहून घेतलं असतं. तिच्या शब्दावर सही-शिक्का बसून रुमाल कपाटात गेले असते. पुढे कुणी येवल्याचे म्हातारे शोधायला आलं असतं, तर त्याच्या हाती भलताच रुमाल पडला असता.

"पहिला कशाचा, ताई?"

"लिहू नका." तिने कागदावरून हात काढून घेतला. "मला अब्बांचं अक्षर लागत नाही. त्यांच्याशी खोटं बोलत आले मी."