डोंगरखाऊ विरुद्ध दर्यापिऊ

मी एक जुना चित्रकथेचा अंक आहे. माझे कोपरे दुमडलेत, टाचण्या गंजल्यात. पण मित्रांनो, रुबाब तसूभरही कमी झालेला नाही. माझ्या पोटात दोन अक्राळविक्राळ महाबली झुंजतात, चेष्टा आहे का! एक डोंगरखाऊ. भूक लागली की अख्खा डोंगर मटकावतो. दुसरा दर्यापिऊ. त्याने घोट घेतला की जहाजं चिखलात रुततात.

हे दोघे दोन वेगळ्या प्रकाशनांचे नायक. दोन्ही कचेऱ्या एकाच रस्त्यावर, समोरासमोर. डोंगरखाऊ काढायचा दादा आणि दर्यापिऊ काढायचा त्याचा धाकटा भाऊ. धाकट्याने समोरच्या कचेरीत नोकरी धरली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. त्यांची ताई दोन्हीकडच्या चित्रांमधले संवाद लिहायची. भावांचे निरोपही तिच्याच मार्फत जायचे, आणि त्याचा तिला अगदी वीट आला होता.

मग दोन्ही मालकांनी हातमिळवणी करून या महाबलींची झुंज काढायची ठरवली. ताईला वाटलं, आता तरी हे बोलतील. कसलं काय! एकेक पान रस्ता ओलांडून इकडून तिकडे जायचं आणि प्रत्येक जण फक्त आपला राक्षस काढायचा. दादाने डोंगरखाऊ बोटभर उंच केला. ते पाहून धाकट्याने दर्यापिऊ दोन बोटं वाढवला. दादाने खोडून पुन्हा वाढवला. शेरास सव्वाशेर होता होता चौकटीत नुसती नाकं आणि गुडघे उरले.

शेवटचं पान हाती आलं तेव्हा ताईचा पारा चढला. तिने दोघांना घरी बोलावलं आणि जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसवलं.

"मी शब्द कुठे लिहू? यांच्या नाकपुड्यांत? हा घ्या नवा कागद. दादा, तू दर्यापिऊ काढ. आणि धाकट्या, तू डोंगरखाऊ. अडलं तर एकमेकांना विचारा, मला नाही."

दोघांनी मुकाट्याने पेन्सिली उचलल्या. दर्यापिऊचे माशासारखे कल्ले दादाला काही केल्या जमेनात. अखेर मान वर न करताच तो पुटपुटला, "हे कल्ले कसे काढतोस रे?"

धाकट्याचा हात थांबला. "खालून वर. थांब दादा, दाखवतो." खुर्ची ओढून तो दादाच्या शेजारी येऊन बसला. "पण तुझ्या या खादाडाला दात तरी किती! काढता काढता हात दुखला."

"असू देत. डोंगर चावतो तो, बिस्किटं नाही."

धाकटा खो खो हसला. मग दादाही हसला. ताई पाणी आणायला म्हणून आत गेली आणि डोळे पुसूनच बाहेर आली.

मी छापून आलो आणि दुकानांत झुंबड उडाली! शेवटच्या पानावर दोघे महाबली पंजात पंजा अडकवून उभे आहेत. निम्मं गाव म्हणे डोंगरखाऊ जिंकला, निम्मं म्हणे दर्यापिऊ. माझ्यासारखा अंक पुन्हा झाला नाही, हे मी छाती फुगवून सांगतो.

आता मी ताईकडे असतो. मध्ये कुणी तरी म्हणालं, "दुर्मिळ अंक आहे, प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवा." ताईने साफ नकार दिला. कारण भाऊ आले की आधी मला उघडतात आणि "माझाच जिंकला!" म्हणून असे कडाकडा भांडतात, की शेजारी खिडकीतून डोकावतात. ताईला ते भांडण गाण्याहून गोड वाटतं.

तेव्हा मित्रांनो, पुस्तक फाडू नका, भिजवू नका; पण जपायच्या नावाखाली कोंडूनही ठेवू नका. आणि जवळचं कुणी तुमच्याशी बोलेनासं झालं असेल, तर एखादं पुस्तक घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि खुशाल विचारा, "सांग पाहू, यात कोण जिंकलं?"