गरम भाकरीचा नेम

मुलांनो, हातातलं सगळं खाली ठेवा आणि माझ्याबरोबर एका स्वयंपाकघरात चला. डोळे मिटलेत तरी चालेल, फक्त झोपू नका.

आपण येडशीला आलो आहोत. स्टेशनकडून गावात शिरलं की तिसऱ्या गल्लीत एक पत्र्याचं घर आहे. आत ओट्यावर गॅसची शेगडी आणि शेगडीवर तवा आहे. तव्यावर ज्वारीची भाकरी फुगते आहे. वास येतोय ना? आता खाली बघा. आजोबा, पप्पा, एक मुलगा आणि एक मुलगी अशी चार माणसं जेवायला बसली आहेत. पाचवं माणूस ओट्यापाशी उभं आहे. आपल्याला त्याची पाठच दिसते. ती त्या मुलांची आई, राजेश्वरी. ही गोष्ट तिच्या नेमाची आहे.

नेम म्हणजे काय, ते आधी सांगतो. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी या चार महिन्यांना चातुर्मास म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसं या काळात काहीतरी ठरवून पाळतात. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण सोडतं. चार महिने कांदा मिळणार नाही, म्हणून एकादशीच्या दोन दिवस आधी, नवमीला, घरोघर कांद्याची भजी होतात. त्या दिवसाला कांदेनवमीच म्हणतात. सोडण्याआधी पोटभर खाऊन घ्यायचं, इतका साधा हिशोब.

तर त्या कांदेनवमीला या घरात भज्यांचा घाणा निघत होता. आजोबांचं, म्हणजे लिंबाजींचं, दुसरं ताट संपलं होतं. हात पुसत ते म्हणाले, "यंदा समद्यांनी नेम धरायचा. अन् निस्तं वांगं सोडून भागायचं न्हाय. घराला उपेगी पडंल असा नेम पायजे."

"मग तुमचा काय?" पाचवीतल्या आरोहीनं विचारलं.

"माझा जुनाच. कांदा-लसूण बंद. अन् चार महिने कुणावर आवाज चढवणार न्हाय."

"हे दुसरं अवघड हाय," पप्पा म्हणाले. पप्पांचं, म्हणजे अमरसिंहांचं, चौकात पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. पावसाळ्यात शेतातले पंप बंद असतात, त्यामुळे काम कमी असतं. "माझा नेम लिहून घे. आठला शटर खाली. रात्रीचं जेवण समद्यांसंगं. जेवताना फोन न्हाय."

"सही करून द्या, पप्पा," शंभू म्हणाला. शंभू नववीत. "मी रोज पाचला उठून रामलिंगच्या देवळाच्या रस्त्यानं पळायला जाणार."

"तू? तुला उठवायला बँडबाजा लावावा लागंल!" पप्पा म्हणाले.

आरोहीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं रेघा आखल्या आणि एकेक नाव लिहिलं. मोतीबिंदूमुळं आजोबांना नीट दिसत नव्हतं. त्यांना रोज पेपर वाचून दाखवायचा, हा तिचा स्वतःचा नेम. ज्या दिवशी नेम पाळला, त्या दिवशी नावापुढं बरोबरची खूण करायची असं ठरलं.

"आई, तुझा?"

"माझा कसला नेम गं? भजी जळतील, बोलू नको."

"मी तुझी ओळ आखलीय."

आई झाऱ्यानं भजी हलवत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "चार महिने तुमच्यासंगं बसून गरम भाकरी खाईन."

घरात हसू फुटलं. "हा काय नेम झाला? हे तर खाणं झालं," शंभू म्हणाला. आजोबा म्हणाले, "लई सोपा धरलास गं, राजेश्वरी." आईही हसली आणि पुढचा घाणा तेलात सोडला.

तुम्हालाही सोपा वाटला ना? मलाही वाटला असता.

दोन आठवड्यांनी कागद पाहिला, तर पप्पांची ओळ जवळजवळ भरलेली. शंभूच्या ओळीत दोनच दिवस मोकळे. आजोबांचा आवाज एकदाच चढला होता, तोही शेजारच्या बोकडावर, आणि बोकड माणसात धरायचा की नाही यावर घरात वाद होता. आरोहीची ओळ पूर्ण. आईच्या ओळीत एकही खूण नव्हती.

असं का झालं? ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की मऊ असते. थोडा वेळ गेला की वातड होते. म्हणून ज्याच्या त्याच्या ताटात ती गरम गरम पडावी लागते आणि करणारी उभी राहते. पूर्वी पप्पा उशिरा यायचे, मुलं आधी जेवायची. आईला मधे दम मिळायचा. आता पप्पांचा नेम म्हणून सगळे आठच्या ठोक्याला एकदम बसत. आजोबांचा नेम म्हणून त्यांची भाजी वेगळी. शंभूचा नेम म्हणून आई साडेचारला उठून त्याला तीनदा हलवत असे. शेवटी ती जेवायला बसे तेव्हा बाकीचे चूळ भरून उठलेले असत, आणि तिच्या वाट्याला सगळ्यात आधी केलेली, कडेनं कडक झालेली भाकरी येई.

एकदा तिनं युक्ती केली. सगळ्या भाकऱ्या आधीच करून दुरडीत फडक्याखाली झाकल्या आणि सगळ्यांबरोबर बसली. आरोहीला इतका आनंद झाला की ती पेन घेऊनच जेवायला आली. पण आजोबांचे दात कमी. त्यांना ती निवलेली भाकरी चावेना. ते आमटीत तुकडा भिजवत बसले. आईनं ते पाहिलं. ताट सरकवलं, उठली आणि तवा ठेवला.

"असू दे गं," आजोबा म्हणाले.

"झालीच, मामा," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामाच म्हणायची.

श्रावण लागला, श्रावण सरत आला. आईची ओळ तशीच. रोज खुणा करताना आरोहीला त्या ओळीकडं बघवेना. एके दिवशी तिनं आईच्या नावापुढं एक खूण करून टाकली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आठवड्यात सहा झाल्या. आजोबांना कागद वाचून दाखवताना ती म्हणाली, "आईचे सहा." आजोबा खूश झाले. "बघा, जमलं की न्हाय!"

शंभूनं कागद ओढून घेतला. "सहा? आई कवा बसली गं? झोपेत बघितलंस का?"

"तू गप!"

"खोटारडी! आई, ही बघ तुझ्या नावावर काय लिहितीय!"

आई पीठ चाळत होती. तिनं कागद पाहिला. रागावली नाही. शंभू आणि आजोबा बाहेर गेल्यावर तिनं आरोहीला जवळ बसवलं.

"खोटं कशाला लिहिलंस?"

"रिकामं बघून वाईट वाटायचं," आरोही म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

आईनं चाळणी खाली ठेवली. "तुला माझी आई आठवती का? कळंबची आज्जी?"

आरोहीनं मान डोलावली. आज्जी मागच्या दिवाळीत गेली होती.

"मी माहेरी गेले की ती मला चुलीजवळ फिरकू द्यायची न्हाय. बस म्हणायची. तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात. लगीन होऊन सोळा वर्षं झाली, तरी मला गरम भाकरी वाढणारं कुणीतरी होतं. आता न्हाय. म्हणून तोंडातून निघून गेलं त्या दिवशी. एवढंच."

आईनं पदरानं आरोहीचं तोंड पुसलं. मग आई म्हणाली, "त्या खुणा खोड. रिकामं हाय तर रिकामं दिसू दे. रिकामं दिसलं तर कधीतरी कुणी विचारंल तरी."

आरोहीनं सहाच्या सहा खुणा खोडल्या. आणि मुलांनो, खोडताना तिच्या लक्षात आलं की विचारणारं ते 'कुणी' म्हणून दुसरं कुणी येणार नाही.

त्याच संध्याकाळी आठ वाजता ताटं मांडली गेली. पप्पांनी फोन कोनाड्यात ठेवला. आरोही मात्र बसली नाही.

"आजोबा, आईची ओळ रिकामी हाय."

"अगं, सहा झाले म्हणालीस की."

"ते मी खोटं लिहिलं होतं. एकही न्हाय. का न्हाय?"

"ती बसत न्हाय म्हणून."

"का बसत न्हाय?"

"भाकऱ्या करायच्या असत्यात बाळा."

"कुणाच्या?"

परातीत भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत होता.

"आरोही, गुमान जेव," पप्पा म्हणाले.

"असू द्या वो," आई ओट्याकडं तोंड करून म्हणाली.

आजोबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "माझ्या," ते हळूच म्हणाले. "समद्यात जास्त माझ्याच." मग पप्पांकडं वळून म्हणाले, "अमर, तुझी आई गेली तवा आपल्या घरात भाकरी कोण थापायचं?"

पप्पा खाली बघत होते. "तुम्ही. दोन वर्षं."

"कशा असायच्या?"

"जाड असायच्या. पण गरम असायच्या."

आरोहीनं आजोबांकडं असं बघितलं, जणू आजोबा नवेच कुणी होते. "तुम्हाला भाकरी येते? मग आता का करत न्हाय?"

आजोबांनी बराच वेळ विचार केला. मोठ्या माणसांना सोप्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कधी कधी वेळ लागतो. "सून घरात आली अन् म्या हात काढून घेतला," ते म्हणाले. "कुणी सांगितलं नव्हतं तसं. आपलं आपणच काढला."

ते भिंतीला हात टेकून उठले आणि बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

"मामा, हे काय करताय?" आई घाबरून बाजूला झाली. "लोक काय म्हणतील?"

"लोक कुठं आल्यात जेवायला? सरक."

"तुमचं जेवण ऱ्हायलंय!"

"आज मी मागनं जेवतो. बघू तरी मागनं कसं लागतंय."

बऱ्याच वर्षांनी हात लागला होता. पहिली भाकरी परातीतून उचलतानाच दुभंगली. दुसरीला एका बाजूला लांबोडका तुकडा फुटला.

"आजोबा, हिला कान हाय!" शंभू ओरडला.

"असू दे. तुला तर दोन हायत, तरी ऐकत न्हाईस."

पप्पाही उठले. "मोटारीचं तापलेलं लोखंड धरतो मी, भाकरीचं काय!" म्हणत त्यांनी तव्यावरची भाकरी बोटांनी उलटली आणि बोटं तोंडात घालून नाचले. शंभू हसून हसून आडवा झाला. मग आपसूक उठून त्यानं पप्पांना चिमटा नेऊन दिला आणि तिथंच उभा राहिला.

तिसरी भाकरी फुगली. जाड होती, एका कडेला काळी पडली होती, पण टम्म फुगली. आरोहीनं आईचा हात धरून तिला आपल्या जागी बसवलं. पप्पांनी चिमट्यात भाकरी धरून थेट आईच्या ताटात टाकली.

आई त्या भाकरीकडं नुसती बघत राहिली. वाफ वर येत होती. तिनं बोटानं पापुद्रा उचलला, आत शेंगदाण्याची चटणी घातली, वर करडीचं तेल सोडलं. एक घास घेतला. डोळे भरून आले, तर म्हणाली, "चटणी तिखट झालीय."

आणि लगेच, "मामा, पीठ सैल झालंय तुमचं. थांबा, मी जरा—" म्हणून उठायला लागली.

"बस गं," आजोबा म्हणाले.

ती बसली. दुसरा घास घेतला. "गॅस लई मोठा हाय, भाकरी करपंल, मीच एवढं—" आणि पुन्हा अर्धी उठली. सोळा वर्षांची सवय एका भाकरीनं जात नाही मुलांनो. बसायलाही शिकावं लागतं.

मग आरोहीनं काय केलं? ती आपलं ताट घेऊन आईला अगदी खेटून बसली. आईच्या साडीचा पदर जमिनीवर पसरला होता. त्याचं टोक तिनं हळूच ओढून आपल्या मांडीखाली घट्ट दाबून धरलं, कानवाली भाकरी पुढ्यात घेतली आणि जेवायला लागली.