खुर्ची नको म्हणणाऱ्या बाईंचा डबा

मी एक जुना पितळी डबा आहे, मित्रांनो. पोटाने गोल आणि झाकणाने घट्ट. वाईच्या एका तांबटाने मला घडवलं. हातोडी पडली की मी खणखणून रडायचो, आणि तो म्हणायचा, "सोस बाबा. ठोके खाल्लेस तरच टिकशील." त्याचे ठोके माझ्या अंगावर अजून मोजता येतील.

वाईहून दिल्लीला मी रेल्वेने आलो. अलकनंदाबाईंचं बाळंतपण होतं. त्यांच्या आईने मला डिंकाच्या लाडवांनी भरलं आणि सारी वाट मांडीवर धरून आणलं. रुचिता जन्मली तेव्हा घराला माझ्यातल्या जायफळाचा वास होता. पुढे कितीतरी वर्षं मी त्या घरचा मानाचा डबा. दिवाळीची चकली माझी, संक्रांतीचा तिळगूळ माझा.

मग बाईंचे यजमान भाऊसाहेब केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले. सरकारी क्वार्टर सुटलं आणि नोएडाच्या उंच इमारतीत फ्लॅट आला. त्याच्याबरोबर प्लॅस्टिकचे डबेही आले, हलके आणि आरपार दिसणारे. माझी कल्हई उडाली, अंगावर हिरवे डाग पडले. फ्रीजवरच्या कपाटात, पोटात तुटकी बटणं घेऊन मी गप्प बसलो.

एके सकाळी टोरांटोहून रुचिताचा फोन आला. तिला दिवस गेले होते.

"आई, तू ये. तिकीट काढते. आणि व्हीलचेअर लिहिते त्यावर. ते लोक ढकलत नेतात, कुणाशी बोलावं लागत नाही. इथे सगळ्यांच्या आया तशाच येतात."

"अगं, पण माझ्या पायांना काय झालंय?"

"पायांचं नाही गं. इंग्रजीचं."

सोफ्यावरून भाऊसाहेब म्हणाले, "बिल्कुल बरोबर आहे तिचं. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मी येऊ शकत नाही. एकटी अडलीस तर?"

"अडेन. विचारेन. पुढे जाईन," बाई म्हणाल्या. "गुडघे तुमचे गेलेत अहो, माझे नाहीत. लेकीच्या बाळंतपणाला आई चालत जाते."

तेवढं बोलून त्यांनी स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं.

कल्हईवाला शोधायला त्या जुन्या दिल्लीच्या गल्ल्या फिरल्या. मी निखाऱ्यावर तापलो, नवसागराच्या धुराने गुदमरलो आणि आतून चंद्रासारखा होऊन घरी आलो.

इंग्रजी शिकवायला दर रविवारी दिल्लीतल्या मुनिरक्याहून मेट्रोने देविका यायची. ही बाईंची भाची, दिल्लीतच वाढलेली, युनिव्हर्सिटीत शिकणारी.

"मावशी, ये डब्बा इतना चमकतोय कसा?"

"कल्हई केली त्याला."

"कल्हई? वो क्या होता है?"

बाई हसल्या. "चल, सौदा करू. तू मला एक इंग्रजी शब्द दे, मी तुला एक मराठी देते."

मग स्वयंपाकघराचा विमानतळ झाला. ओटा म्हणजे चेक-इन काउंटर, परात म्हणजे सिक्युरिटीचा ट्रे, बाल्कनीचं दार म्हणजे गेट. भाऊसाहेब काठी रोखून अधिकारी व्हायचे.

"मॅडम, एनी लिक्विड?"

"येस सर. तुमचा चहा. गार होतोय, प्या."

पण शब्द टिकत नव्हते. आज आलेला उद्या पळायचा. एका दुपारी पोळ्या लाटता लाटता बाईंचं लाटणं थांबलं. "सुटे मणी आहेत हे," त्या म्हणाल्या. "सुटे सांडणारच. माझी आई काय करायची? ओवायची." आणि लाटण्याच्या लयीत त्यांनी हळूच सूर लावला:

*चेक-इनच्या खिडकीला,*
*पासपोर्ट पुढे केला,*
*बोर्डिंग पास हाती आला,*
*निघाली बाई.*

त्या दिवसापासून शब्द घरचे झाले. सिक्युरिटीची ओवी झाली, गेटची झाली. सर्वांत आवडती होती ती ही:

*ट्रान्झिट म्हणजे मधला थांबा,*
*गेटकडचा रस्ता लांबा,*
*वाटेत नको खोळंबा,*
*कान दे गं.*

निघायच्या आदल्या दिवशी देविकाने सांगून पाहिलं, "मावशी, लाडू प्लॅस्टिकच्या डब्यात ने ना, यार."

"रुचिताच्या वेळी हाच आला होता, तिच्या बाळाच्या वेळीही हाच जाणार." माझं झाकण त्यांनी तळव्याने दाबून बसवलं.

दिल्लीच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आपकी व्हीलचेअर..."

ती हिंदीत बोलत होती, पण बाईंनी शिकलेलं वाया घालवलं नाही. "कॅन्सल, प्लीज. आय वॉक."

मित्रांनो, खरी परीक्षा पुढे होती. वाटेत परक्या शहरात विमान बदलायचं होतं. तिथे पुन्हा तपासणी. मी ट्रेमध्ये बसून यंत्रात शिरलो आणि पट्टा थांबला. माझं पितळ जाड, यंत्राला पोटातलं काही दिसेना. पडद्यावर नुसता काळा गोळा. निळ्या गणवेशातल्या एका बाईने मला बाजूला घेतलं. "व्हॉट इज इनसाइड? ओपन इट."

तिनेच झाकण ओढलं. ते हलेना. आकाशात माझ्यातली हवा निसटली होती आणि खाली उतरताच झाकण आत ओढलं गेलं होतं. मला फार वाईट वाटलं. ज्या घट्टपणाचा आयुष्यभर तोरा मिरवला, तोच आज बाईंच्या मुळावर आला होता. गणवेशवालीने मान हलवून कचऱ्याच्या पिंपाकडे बोट केलं. रांगेतले लोक उसासे टाकू लागले.

डिंकाला इंग्रजीत काय म्हणतात, ते कुठल्याच ओवीत नव्हतं. पण अलकनंदाबाईंनी माझ्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"नो. वन मिनिट, प्लीज."

त्यांनी मला कडेवर घेतलं आणि तळव्याने काठावर थापा मारल्या, इथे एक, तिथे एक, गोल फिरवत. गव्हाचा डबा अडला की मारतात ना, तशा. फट्ट करून झाकण उघडलं. जायफळ, खारीक आणि तुपाचा वास त्या थंडगार हॉलमध्ये पसरला.

"फूड," बाई म्हणाल्या. "होममेड. नो लिक्विड. माय डॉटर... बेबी कमिंग. मदर मेक. माय मदर ऑल्सो."

गणवेशवालीने स्फोटकं तपासायची कागदाची एक पट्टी माझ्यावरून फिरवली, यंत्रात घातली, पाहिली. मग तिने झाकण स्वतःच्या हाताने हलकेच लावलं. "गो, मदर. युवर डॉटर इज वेटिंग."

तेवढ्यात वर घोषणा झाली. भराभर, नाकातून. त्या गर्दीतून बाईंच्या कानाने आपले मणी बरोबर वेचले: टोरांटो, गेट, चेंज. पाटीवर नवा आकडा होता आणि गेट दुसऱ्या टोकाला. एक माणूस रिकामी खुर्ची घेऊन पुढे आला. "व्हीलचेअर, मॅडम?"

"नो, थँक यू. आय वॉक."

आणि काय चालल्या म्हणून सांगू! ओठांवर 'वाटेत नको खोळंबा', काखेत मी. गेटचं दार मिटायला आलं होतं. त्यांनी बोर्डिंग पास पुढे केला आणि आत शिरल्या.

टोरांटोला सामानाच्या तपासणीत बाईंनी मला दाखवलं, "फूड" म्हणून स्वतःहून सांगितलं. कुणी अडवलं नाही. दारापलीकडे रुचिता उभी होती, पोटावर हात ठेवून. एकामागून एक खुर्च्या बाहेर येत होत्या आणि ती वाकून प्रत्येकीत आई शोधत होती.

"अगं, खाली काय बघतेस?" अलकनंदाबाई म्हणाल्या. "वर बघ."

आता मी रुचिताच्या ओट्यावर असतो. बाळाला न्हाऊ घालताना बाई त्याच विमानाच्या ओव्या म्हणतात. देविकाचा फोन येतो, "मावशी, आज का शब्द?" आणि बाई तिला एक जुना मराठी शब्द देतात.

मित्रांनो, डबा असो की शब्द, वापरात असला तर त्याला डाग पडत नाहीत. कपाटात गप्प बसलेलं कुणी तुमच्याही घरात असेल. त्याला खाली काढा, कल्हई करा. आणि तुमच्या आईसाठी खुर्ची मागवण्याआधी तिला एकदा विचारा, "आई, चालशील?"