जनूचे वर आलेले गाल

जनूचे गाल वर आले तेव्हा ठमाबाईला काय वाटलं असेल? देव पावला, दुसरं काय! वर्षभर माणूस धरमतरच्या मिठागरात कंबर धरून बसायचा, नुसता हाडांचा सापळा. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात लघवीच अडली. पेणच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि रोह्याला पाठवलं. तिथल्या पद्मजा डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, मूत्रपिंडातून निघणाऱ्या दोन्ही नळ्या चिवट जाळ्याने आवळल्या होत्या. लाखात एखाद्यालाच होणारं दुखणं, आणि ते नेमकं जनूला! आत बारीक नळ्या घातल्या, दोन महिन्यांनी काढल्या. जाळं सैल करायच्या गोळ्या मात्र चालूच.

"मी सांगेपर्यंत एकही चुकवायची नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं.

दिवाळीत शेजारची इंदुबाई म्हणाली, "गो ठमे, जनू सासुरवाडीला जाऊन आला काय? कसा गरगरीत झालाय!"

ठमाबाईने आधी मीठमोहऱ्यांनी नवऱ्याची दृष्ट काढली. मग गोळ्या मसाल्याच्या डब्यामागे टाकल्या. बऱ्या झालेल्या माणसाला औषध कशाला? जनू गरीब, हातावर ठेवलं ते खायचा, नाही ठेवलं तर विचारायचा नाही.

पंधरा दिवसांत लघवी परत अडली, ओकाऱ्या सुरू झाल्या, अंगातलं त्राण गेलं, कंबर धरली. रोह्याच्या एसटीत तो तिच्या खांद्यावर मान टाकून होता.

"गोळ्या मीच बंद केल्या, बाय. त्याला बोलू नका," ठमाबाई रडत म्हणाली. "गाल वर आले, बरा झाला असा वाटला मला."

डॉक्टर चिडल्याच होत्या, पण तिचं तोंड बघून खाली बसल्या. "अहो, ती गोळीची सूज होती. गोळी हळूहळू कमी करायची असते, तेव्हा गाल आपोआप बसतात. आता परत सुरू करते. आठ दिवसांत लघवी मोकळी झाली नाही, तर मुंबईला पोट उघडून त्या आवळलेल्या नळ्या सोडवायच्या. तोवर किडनी टिकायला हवी."

ठमाबाई रात्रंदिवस मापाचं भांडं घेऊन पलंगाशी बसली. सहाव्या दिवशी भांडं भरलं. अशा गोष्टीवर कुणी आनंदाने रडतं का? ती रडली.

पुढे सव्वा वर्ष तिने एक गोळी चुकू दिली नाही. डॉक्टरांनी ती अर्धी केली, मग पाव.

शिमग्याला इंदुबाई दारात थबकली. "अगो बाय, जनू कसा सुकला गो! परत आजारी हाय काय?"

ठमाबाईने हातातली परात खाली ठेवली. तिने वळून जनूकडे नीट बघितलं.

"खरा सांग, गाल बसलेत ना?" ती म्हणाली. "परत एकदा बोल गो, इंदे."