मध्येच थांबणारी बस

मित्रांनो, मी एक जुनी शाळेची बस आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पिवळ्या रंगात समोरच्याचं तोंड दिसायचं. आता रंगाचे पोपडे निघतात आणि तिसऱ्या खिडकीची काच वर चढत नाही. बावीस वर्षं मी मुलांना शाळेत पोचवलं. त्यातली शेवटची नऊ वर्षं मला चालवलं बसताईंनी. हे नाव मुलांनीच ठेवलेलं.

ताईंचा हात हलका. गतिरोधकावरूनही मला अशा नेत, की मागच्या सीटवर डुलकी घेणाऱ्याला जाग येऊ नये. वेळेच्या पक्क्या. पण एका वर्षी त्या दर महिन्याला चार-पाच दिवस मला पेट्रोल पंपापाशी मध्येच थांबवू लागल्या. स्वच्छतागृहातून परतत तेव्हा चेहरा पांढराफटक. सारखी लघवीला लागायची आणि जाऊन आलं की ओटीपोटात कळ उठायची. मुलं फिदीफिदी हसत. पालकांनी तक्रार केली, बस उशिरा येते. ताईंनी मग गाडीवर असताना पाणी पिणंच सोडलं.

मुलांची चढ-उतार सांभाळणाऱ्या मावशींनी एका दुपारी रिकाम्या गाडीत विषय काढला.

"अजून जंतुसंसर्गाच्याच गोळ्या?"

"चौथ्यांदा. तपासणीत जंतू सापडत नाहीत, तरी त्याच."

"पाळीच्याच दिवसांत होतं ना गं तुला?"

ताईंनी बोटांवर दिवस मोजले. "हो की. पण तसं कुणी विचारलंच नाही."

"मग तू सांग. तारखा लिहून ने."

तीन महिने ताईंनी तारखा लिहिल्या आणि त्या घेऊन दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. तपासण्या झाल्यावर मावशींना म्हणाल्या, "एंडोमेट्रिऑसिस आहे. गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर मूत्राशयावर वाढलंय. पाळीत तेही सुजतं."

"ऑपरेशन?"

"सध्या तरी नको म्हणाल्या. मूत्रपिंडं ठीक आहेत. पाळी थांबवणारी गोळी, रोज एक. शिवाय ओटीपोटाचे स्नायू सैल करायचे व्यायाम. मुळासकट जाईलच असं नाही, पण दबून राहील. तपासत मात्र राहायचं."

पहिले दोन महिने कठीण गेले. अधूनमधून रक्त दिसे, डोकं दुखे. "सोडून देते गोळी," ताई म्हणाल्या. मावशींनी फोनच पुढे केला. "परस्पर काही सोडायचं नाही. आधी विचार." डॉक्टरीणबाईंनी समजावलं, सुरुवातीला असं होतं, थोडा धीर धरा. मावशी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मुख्याध्यापिकाबाईंना भेटून त्यांनी माझी निघायची वेळ दहा मिनिटं अलीकडे आणली. आता वाटेत थांबलं तरी शाळा वेळेवर.

पाचव्या महिन्यात एका सकाळी मी पंपापाशी आपोआप हळू होणार होते. ताईंनी होऊच दिलं नाही.

"अगं, पंप मागे गेला," मावशी म्हणाल्या.

"जाऊ दे. आज गरजच नाही."

मावशी पुढचे दोन थांबे गालातल्या गालात हसत होत्या.

आता मी शाळेमागच्या पटांगणात उभी असते. ताई नवी बस चालवतात, गोळी चालू आहे, तपासणीही. मित्रांनो, माझं इंजिन जरा खडखडलं की ताई त्याच दिवशी मला दुरुस्तीला नेत. त्यांचं स्वतःचं दुखणं मात्र गोळ्या घेऊनही वर्षभर तसंच राहिलं, कारण कधी दुखतं हे कुणी विचारलंच नाही. तुमच्या आईला, ताईला, वर्गातल्या बाईंना सारखं उठावं लागलं तर हसू नका. "कधीपासून दुखतंय?" एवढं विचारा, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत तिथेच बसा.