केशरबाईंचं पातेलं आणि भाऊंच्या रक्तातली मी

मित्रांनो, डोंबिवलीच्या भाऊंच्या रक्तात फिरणारी मी एक म्हातारी पांढरी पेशी आहे. तुम्ही मला ओळखत नाही, यात तुमचा दोष नाही. मी जन्मभर ज्यांच्या घरात बिनभाड्याने राहते, ते भाऊही मला ओळखत नाहीत.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. ती आमची शाळा. तिथे प्रत्येक पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कापते आणि कसेही जोडते, डोळे बांधून गोधडी शिवावी तशी. त्या जोडकामातून तिच्या अंगावर एक गळ उगवतो. शास्त्रज्ञ त्याला ग्राही म्हणतात. प्रत्येकीचा गळ निराळा. तो ज्यात अडकेल, तो तिचा शत्रू. मग परीक्षा होते. ज्यांचा गळ भाऊंच्याच अवयवांत घट्ट अडकला, त्या नापास, म्हणजे कायमच्या संपल्या. फेरपरीक्षा नाही. मी पास झाले ती हुशारीने नव्हे, नशिबाने.

भाऊ शाळेत असताना त्यांना एक ताप आला. त्या विषाणूत नेमका माझाच गळ अडकला. माझ्या हजारो प्रती निघाल्या आणि आम्ही त्याचा फडशा पाडला. कौतुक डॉक्टरांच्या लाल औषधाचं झालं. पुढे मी तो विषाणू लक्षात ठेवून नुसती फिरत राहिले.

गेल्या वर्षी भाऊंची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांच्यासोबतच राहणाऱ्या थोरल्या बहिणीने, सरोजताईंनी, आपलं एक त्यांना दिलं. बहीण-भावाच्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा जुळल्या, पण निम्म्याच. उरलेल्यांपैकी एक खूण माझ्या गळाला हुबेहूब त्या जुन्या विषाणूसारखी वाटते. गळाला बहीण कळत नाही. त्याला समजावणं माझ्या हातात नाही, कारण मला हातही नाहीत.

सुदैवाने भाऊ रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेत. त्या गोळ्यांनी आम्हाला गुंगी येई. मी आनंदाने पेंगत होते.

एके दिवशी समोरच्या केशरबाई पातेलं घेऊन आल्या.

"भाऊ, गुळवेलीचा काढा. दिवा गावाहून माझ्या भावाने मुद्दाम पाठवलीय वेल. बघा शक्ती कशी वाढते!"

"अहो, डॉक्टर म्हणालेले, माझी शक्ती कमीच ठेवायची," भाऊ चाचरले.

"शिकलेली माणसं असं बोलतात? प्या बघू गपचूप!"

भाऊ प्यायले. शेजारणीला नाही म्हणणं त्यांच्या जनुकांत कुठेही नाही. मी सगळी पाहिली आहेत.

मला जाग आली.

आता शेजारचं पातेलं रिकामं कसं परत द्यायचं? सरोजताईंनी त्यात साबुदाणावडे घालून दिले. केशरबाईंनी ते काढ्याने भरून पाठवलं. ताईंनी घावन दिले. पुन्हा काढा आला. दर फेरीला मी थोडी अधिक ताजीतवानी होत गेले आणि गळ मला ताईंच्या मूत्रपिंडाकडे ओढत राहिला. मला जायचं नव्हतं, मित्रांनो. मी गेले.

परवा तपासणीचा रिपोर्ट बिघडला. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या चुकल्या का? दुसरं काही औषध घेता?"

"छे हो, एकही नाही," ताई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. काढा त्यांच्या लेखी औषध नव्हता, शेजारधर्म होता.

घरी आल्यावर भाऊ आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत बसले. "ताई, तुझं वाया तर नाही ना जाणार गं?"

"गप रे. मी काय परत मागतेय का?" ताई म्हणाल्या आणि घाईने स्वयंपाकघरात गेल्या.

मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही. आहे तो एक गळ, आणि तो कुठे अडकलाय ते तुम्हाला ठाऊक आहे.

मित्रांनो, डॉक्टरांना सगळं सांगत जा, पातेल्यातलंसुद्धा. आणि शेजारचं एखादं भांडं एकदा तरी रिकामं परत जाऊ द्या. शेजारीण रुसेल, पण चार दिवसांनी बोलेल.

दारावरची बेल वाजते आहे. सकाळीच ताईंनी पातेल्यातून थालीपीठं पाठवली होती.

मला पुन्हा हुशारी वाटू लागली आहे.