उतरलेलं पाणी

नदी उतरली की नाही, हे गावात एकच माणूस सांगायचा. तो म्हणजे हिंमतराव. सोनाळ्याला जायचं तर मधे ही नदी, आणि तिच्यावर पूल नाही. वर सातपुड्यात पाऊस झाला की इकडे कडक ऊन असलं तरी ती फेसाळत यायची आणि काठावर गाड्या अडकून पडायच्या. मग कुणीतरी हिंमतरावाला बोलवायला धावायचं. हिंमतराव मात्र धावत येणारा गडी नव्हता. सुपारी कातरत, धोतराचा सोगा सावरत सावकाश यायचा. पाण्याच्या कडेला काठी रोवायचा, डोंगराकडे बघायचा, वाहत्या काडीकचऱ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "हाका." नाहीतर म्हणायचा, "थांबा." तो थांबा म्हणाला की पाटलाची गाडीसुद्धा थांबायची. त्याला याचा गर्व होता, आणि का नसावा? त्याच्या शब्दावर पाण्यात घातलेला एकही बैल आजवर वाहून गेला नव्हता.

महाराष्ट्र नुकतंच झालं होतं. नोकरीवाल्यांच्या बदल्या आता कुठून कुठेही होऊ लागल्या होत्या. हिंमतरावाचा मुलगा पंजाबराव कचेरीत कारकून. त्याला सरकारने उचलून थेट अलिबागला टाकला. माघात त्याने आईबापांना बोलावणं धाडलं, एकदा समुद्र पाहून जा म्हणून. सत्यभामाबाई, हिंमतरावाची बायको, जन्मात शेगावच्या पलीकडे गेली नव्हती. वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यांत वाकून तिची पाठ तशीच राहिली होती. ती निघाली तर आयाबायांनी मागण्या सुरू केल्या. कुणाला शिंपले हवे, कुणाला शंख. शेजारच्या पुंजाजीची बायको अन्नपूर्णाबाई हिने तर समुद्राचं पाणी आणायला बाटलीच धुवून दिली.

अलिबागला पंजाबरावाने सगळं आखून ठेवलं होतं. आंग्र्यांची समाधी झाली, हिराकोटचं तळं झालं. शहाळ्यात तोंड घालून प्यायचं कसं हे सत्यभामाबाईला जमेना, निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. सुकत घातलेल्या मासळीचा वास आला की ती नाकाला पदर लावायची. तिसऱ्या दिवशी तेही विसरली. संध्याकाळी वाळूत उभी राहिली. लाट पायाला लागली तशी किंचाळली आणि मग अशी हसली की हिंमतराव तिच्याकडे बघतच राहिला. हे हसणं त्याने लग्नानंतर ऐकलंच नव्हतं.

बाटली भरून घेताना ती म्हणाली, "येवढं पानी, अन् याच्यावर एक वाफा भिजत नाही म्हन्ता?"

शेवटच्या दिवसासाठी समुद्रातला किल्ला राखून ठेवला होता. ओहोटीला तिथे पायी जाता येतं, टांगाही जातो. पंजाबरावाला रजा नव्हती. कचेरीत जाता जाता तो बजावून गेला, "टांगेवाला म्हनन तवा परत फिरा, बाबा. उशीर करू नका."

किल्ल्यात तोफा होत्या, गणपतीचं देऊळ होतं. पण सत्यभामाबाई हरखली ती विहीर पाहून. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध ही गोड विहीर! ती दोनदा प्यायली, तोंड धुतलं आणि देवळाच्या पायरीवर टेकली. तेवढ्यात टांगेवाला हाक मारू लागला, "चला काका, भरती लागेल."

"बसू द्या ना जरासं," ती म्हणाली. "घरी काय, हायेतच वाफे."

जरासं बसू द्या, असं तिने उभ्या आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. हिंमतरावाला ते मोडवेना. त्याने तटावरून एकवार समुद्राकडे पाहिलं आणि टांगेवाल्याला विचारलं, "या पान्याच्या मांगं डोंगर कुठी हाय?"

"समुद्रामागे कसला डोंगर, काका?"

"मंग पूर येईन कुठून?"

टांगेवाल्याने कपाळावर हात मारला आणि बाकीची माणसं घेऊन तो निघून गेला.

दोघं खाली उतरली तेव्हा वाटेवर पाणी आलं होतं. पुजारी धावत आला. म्हणाला, आता पुढच्या ओहोटीपर्यंत इथेच राहा, मी चहा करतो. हिंमतरावाला राग आला. पाण्याचं शहाणपण आता हा शिकवणार? त्याने कडेला काठी रोवली. लाट मागे सरली, काठीचा बुडखा उघडा पडला.

"पाह्य," तो म्हणाला, "उतरून राह्यलं."

"मले भेव वाटते."

"म्या सांगतो ना."

तिने क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्ही म्हन्ता त उतरलंच असन," म्हणाली, लुगडं वर खोचलं आणि त्याचा हात धरला.

नदीचं पाणी एका अंगाने रेटतं. त्याला खांदा कसा द्यायचा हे हिंमतरावाला ठाऊक होतं. हे पाणी चहूकडून रेटत होतं. अर्ध्या वाटेत ते कमरेला लागलं, मग छातीला. तिचा हात त्याच्या हातात होता, आणि मग नव्हता. कोळ्यांनी होडी घालून त्याला ओढून काढलं. सत्यभामाबाई दुसऱ्या दिवशी वाळूवर सापडली.

गावात आल्यावर त्याने सांगितलं, लाट आली. खोटं काही नव्हतं त्यात. काठीचं तेवढं तो बोलला नाही, आणि ते न बोललेलं त्याला आतून कुरतडत राहिलं. तिने भरलेली बाटली त्याने भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली. अन्नपूर्णाबाईने ती कधी मागितली नाही.

त्या पावसाळ्यात हिंमतराव नदीवर गेलाच नाही. गुडघे दुखतात म्हणायचा. लोकही समजून घ्यायचे, आपापलं बघायचे.

भाद्रपदात मात्र पुंजाजी स्वतः दारात येऊन उभा राहिला. त्याची लेक कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ आडवं आलं होतं आणि सुईणीने हात टेकले होते. डॉक्टर नदीपलीकडे, सोनाळ्याला.

"हिंमतभाऊ, गाडी काठावर उभी हाय. आज चाला. पोरीचा जीव हाय."

हिंमतराव गेला. गाडीत गोधडीवर कोकिळा तळमळत होती. अन्नपूर्णाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्याने काठी रोवली. डोंगर स्वच्छ होता. पाण्यात काडीकचरा नव्हता, फेस नव्हता. काठावर ओली रेघ सोडून पाणी हातभर खाली गेलं होतं. थोडा वेळ गेला आणि काठीचा बुडखा उघडा पडला. सगळं एकच सांगत होतं, हाका. शब्द त्याच्या जिभेवर आला होता.

गाडीतून कोकिळा म्हणाली, "काका, तुम्ही म्हनसान तसं."

समोर उघडी पडलेली काठी त्याला या नदीतली दिसेनाच. हातात कुणाचातरी हात आहे असं वाटलं, आणि त्याने मूठ आवळली.

"थांबा," तो म्हणाला.

गाडी हाकायला उत्तमराव होता, पुंजाजीचा पुतण्या. तो चुळबुळला. "काका, मले त उतरलेलं दिसते."

"चूप बे!" पुंजाजी त्याच्यावर खेकसला. "हिंमतभाऊपेक्षा तू शायना झाला काय?"

बैल सोडून झाडाला बांधले. कोकिळा आधी ओरडत होती, मग कण्हू लागली. उत्तमराव दोनदा हिंमतरावाजवळ येऊन उभा राहिला. दोनदा हिंमतरावाने नकारार्थी मान हलवली. हाका म्हणायला तो तोंड उघडायचा आणि आवाज फुटायचा नाही. मी सांगतो त्यावर जाऊ नका, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्याला तेही जमलं नाही. उन्हं कलली तेव्हा गाडीत सगळं शांत झालं आणि अन्नपूर्णाबाईने हंबरडा फोडला.

पुंजाजी बराच वेळ चाकाला धरून उभा होता. मग हिंमतरावाजवळ आला. त्याने हात जोडले.

"तुम्ही थांबवलं म्हून बाकीचे तरी वाचलो, भाऊ. उतरलो असतो त सारेच गेलो असतो."

गाडी गावाकडे वळली. कुणीतरी म्हणालं, चाला काका. हिंमतराव गेला नाही. सगळे दिसेनासे झाल्यावर तो पाण्यात उतरला. पाणी खोल लागावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. छातीला लागावं, ओढून न्यावं. निदान कमरेपर्यंत तरी यावं. दुपारपासून ते जेमतेम चार बोटं उतरलं होतं, काठी तसं सांगत होती. तो पाय घट्ट न रोवता, मुद्दाम सैल सोडून चालत गेला. मधली धार आली, गेली.

पलीकडच्या काठावर चढला तेव्हा त्याचं धोतर गुडघ्यापासून वर कोरडं होतं.